कवटीनं लिहिलेलं नाव

ताई गेल्या हे आम्हाला शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. इथे भिलाईत आमच्या क्वार्टरला फोन नाही. नागपूरहून काही निरोप असला की शेजारच्या घरी फोन येतो आणि तिथली मुलगी कुंपणावरून हाक मारते. त्या दुपारी हाक आली तेव्हा मी जेवायला घरी आलो होतो. माझी पत्नी सुमन पुढे गेली, मी मागून. फोनवर तिचा धाकटा भाऊ होता. ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं... हो, येतो आमी. नाही, नाही सांगत कोणाले." रिसीव्हर ठेवला. शेजारच्या भाभींनी विचारलं, "सब ठीक है न? ताईजी कैसी हैं?" सुमन म्हणाली, "ठीक हैं. बस, मिलने बुला रही हैं." एवढं बोलून ती अंगणातून चालत घरी आली, पुढचं दार लावलं, मागचं दार लावलं आणि पलंगावर पालथं पडून तोंड उशीत खुपसलं. सख्खी मोठी बहीण गेली आणि तिला मोठ्यानं रडता आलं नाही. मी पंखा पूर्ण वेगानं सुरू केला, रेडिओ लावला. भाभी भल्या आहेत, पण त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी बाई टाऊनशिपबाहेर, मरोद्याच्या पलीकडच्या एका वस्तीतली आहे, आणि तिला ताई गेल्याचं कळता कामा नये.

याला आता काही आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी लेखासोबत फोटो मागितला होता; मी दिला नाही. ताईंचं नाव, आडनाव, त्यांची शाळा, यातलं काही या लेखात सापडणार नाही. त्यांच्या घरकामाच्या बाईला मी सुखबती म्हणणार आहे, तेही खरं नाव नाही. मी पोलादाच्या प्लान्टच्या हिशेब खात्यातला माणूस; नाव नसलेलं व्हाउचर माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. पण इथे नाव गाळणं भाग आहे. ही पुरवणी नागपुरात वाचली जाते, भिलाईत थोड्या मराठी घरांत येते, त्या वस्तीत मराठी वाचणारं कोणी नाही, अशी खात्री करून घेतली आणि मगच लिहायला बसलो. तरी धाकधूक आहेच. पण ज्या बाईनं तीसेक वर्षं इथल्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं, तिच्यावर एक ओळही छापून येऊ नये, हेही मनाला पटेना.

ताई माझ्या मेहुण्या. लग्न केलं नाही. भंडाऱ्याकडे शिकून इथे टाऊनशिपच्या शाळेत लागल्या, पुढे त्यांच्याच ओळखीनं आमचं लग्न जमलं आणि मीही इथलाच झालो. त्यांचं क्वार्टर सेक्टर सहामध्येच, आमच्यापासून सायकलनं जाण्याइतकं. मला त्या जवाईबापू म्हणत, ते आदरानं कमी आणि टोमण्यानं जास्त. बाजारातून आलो की विचारत, "काय जवाईबापू, भोपळ्याचा ताळेबंद जुळला का?" त्या धीट होत्या, असं त्यांच्याविषयी लोक म्हणतात. हे मला दुरुस्त केलं पाहिजे. मी पाहिलेल्या माणसांत ताई सगळ्यात भित्र्या होत्या. जीवशास्त्राच्या बाई असून पालीला घाबरत. भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर पाय घेऊन सुमनला हाका मारत आणि वरून तिचं शास्त्रीय नाव सांगत. वीज कडाडली की रेडिओची पिन काढून ठेवत. स्कूटरवर मागे बसल्या की माझा खांदा इतका घट्ट धरत, की वळ उठत.

अशा बाईच्या शोकेसमध्ये एक कवटी होती. तुआतारा नावाच्या प्राण्याची. खरी नव्हे, प्लास्टरची. सत्तरच्या दशकात इथे रशियन तज्ज्ञांची कुटुंबं बरीच होती. त्यांतल्या एका इंजिनियरची बायको मायदेशी संग्रहालयासाठी असे नमुने करायची. ल्यूबा तिचं नाव. तिला हिंदी येत नव्हतं, ताईंना रशियन येत नव्हतं, पण दोघी विणकाम करत तासन्‌तास बसत. परत जाताना तिनं ही कवटी ताईंना दिली. खरा प्राणी वीतभर-दोन वीत लांब, त्याची कवटी लिंबापेक्षा थोडी मोठी. पण मागच्या बाकावरच्या मुलांनाही दिसावी म्हणून हा नमुना तिप्पट केलेला होता. मी पट्टी लावून पाहिलं होतं. त्यामुळे ती चांगली सोललेल्या नारळाएवढी भरायची. आत तार आणि ताग, वर जुन्या हाडासारखा पिवळट-तपकिरी रंग. पुढचे दात चोचीसारखे खाली वळलेले. आणि माथ्यावर, बरोबर मध्ये, एक भोक.

त्या भोकाविषयी ताई वर्गात सगळ्यात शेवटी सांगत. दिसायला सरड्यासारखा, पण सरडा नाही. याचे सगळे भाऊबंद डायनासोरच्या काळात होते, ते सगळे संपले. हा एकटा दूर न्यूझीलंडच्या बेटांवर उरला. सगळं सावकाश करतो, शंभर वर्षंही जगतो. आणि याला तिसरा डोळा असतो. मोठेपणी त्यावर खवले येतात, पण खाली डोळा असतोच. त्यानं दिसत नाही, उजेड कळतो. "कूळ संपलं आणि हा राहिला," त्या आम्हाला म्हणत, "माझ्यासारखा. फक्त मले दोनच डोळे, तेही चष्म्याचे."

आमच्या लोकांनाही ती कवटी आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की भीती फक्त वस्तीत होती. हळदीकुंकवाला आलेल्या ऑफिसरांच्या बायका शोकेसकडे पाठ करून बसत. एकीनं तर सुमनला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या ताईचं लग्न यामुळंच तर नाही अडलं?"

झालं ते दिवाळीच्या आधी, ऐंशीच्या दशकात. कंपनीकडून क्वार्टरांना चुना मारायला माणसं यायची. सामान मधोमध ओढायचं, वर चादर टाकायची, आणि दोन दिवस घर त्यांच्या ताब्यात. मागच्या खेपेला त्यांच्या शिडीनं ताईंची काचेची बरणी फुटली होती, म्हणून या वेळी त्यांनी कवटी घराबाहेर ठेवायचं ठरवलं. घरकामाला सुखबती होती. ती कितीतरी वर्षांपासून होती, विधवा, वस्तीत एकटी राहायची. तिच्यावर ताईंचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा. ताईंनी कवटी कापसात ठेवली, वर शाळेतल्या जुन्या दप्तराचं लाल कापड गुंडाळलं. आम्ही नोकरीतली माणसं जपायची प्रत्येक गोष्ट लाल कापडात बांधतो, त्यात काही विशेष वाटत नाही. प्रयोगशाळेच्या सवयीनं चार डांबरगोळ्या घातल्या. दोरीनं चौकडीची गाठ मारली. आणि सुखबतीच्या हातात देताना, जे त्या प्रत्येक नाजूक वस्तूबाबत प्रत्येक मुलीला सांगत, तेच सांगितलं, "खोलना मत, किसी को दिखाना मत."

सुखबतीनं ते शब्दशः पाळलं. गाठोडं घराच्या आढ्याला टांगलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की दाखवायचं नाही. त्याच दिवसांत तिच्या शेजारच्या घरी एक लहान बाळ तापानं फणफणलं होतं, त्याला झटके येत होते. एका एकट्या बाईच्या घरात उग्र वासाचं लाल गाठोडं आहे आणि ती ते उघडू देत नाही, एवढं पुरेसं झालं. कोणीतरी ते काढलं, सोडलं...

चौथ्या प्रहरी राऊत, म्हणजे आमचा गवळी, दूध घेऊन आला. तो त्याच वस्तीतला. ताई आमच्याकडेच होत्या, त्यांच्या घरात चुन्याचं काम चाललेलं. दूध मापून झाल्यावरही तो गेला नाही. मग खाली बघत म्हणाला, "बहिनजी, तोर सुखबती ला टोनही कहत हें. बइठार के रखे हें." तुमच्या सुखबतीला चेटकीण ठरवलंय, बसवून ठेवलंय. "मूड़ निकले हे ओकर घर ले." तिच्या घरातून डोकं निघालं.

टोनही ठरवलेल्या बाईचं काय करतात हे इथे राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. केस कापणं ही सुरुवात असते. मी म्हटलं, आधी पोलिसांना कळवू. शेजारचा फोन लागेना. चौकीवर जाऊन येतो म्हटलं. ताई म्हणाल्या, "तुमी जा चौकीत. मी सायकलनं पुढं जाते."

"एकट्या? कशाला?"

"कावून म्हणजे? ते डोकं माझं आहे, जवाईबापू. तिचं नाही."

मी चौकीचा विचार सोडला, स्कूटर काढली आणि त्यांना मागे बसवलं. वाटभर त्यांनी माझा खांदा धरला नाही. मला तेव्हा त्याचंच जास्त भय वाटलं.

वस्तीत शिरलो तेव्हा एकही पोर दिसेना. एरवी स्कूटर आली की पोरं मागे धावतात. त्या दिवशी सगळी घरांत कोंडली होती. ताई उतरल्या आणि म्हणाल्या, "इंजिन चालू ठेवा." दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "नाही, बंद करा. पळाच्या तयारीनं आलो असं वाटंन त्यायले." मी बंद केली. मला आरडाओरड्याची अपेक्षा होती. मोकळ्या जागेत पुरुष उकिडवे बसलेले, बाया भिंतींना लागून उभ्या, आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. सुखबती जमिनीवर बसली होती, केस सोडलेले. तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मोठी कात्री होती. तो ती उघडत होता, मिटत होता. समोर सुपात कवटी, भोवती राखेचं रिंगण. डांबरगोळ्यांचा वास आमच्यापर्यंत येत होता. सुखबतीनं वर पाहिलं, ताईंना पाहिलं, आणि अनोळखी माणसाकडे पाहावं तशी नजर खाली वळवली. मला वाटलं, रागावली. ती ताईंना वाचवत होती, हे मला फार उशिरा कळलं.

वस्तीतला बइगा, म्हणजे झाडफूक करणारा म्हातारा, खाटेवर बसला होता. त्यानं विचारलं, "काकर मूड़ हे?" कोणाचं डोकं आहे?

"मोर आय," ताई म्हणाल्या. "सुखबती के नोहे. मेरा है, मैंने रखने को दिया." आवाज इतका बारीक निघाला की मागे ऐकू गेला नाही. म्हणून वर्गात करतात तसं त्यांनी तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

सगळ्या माना सुखबतीकडून ताईंकडे वळल्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांच्या साडीच्या निऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. त्या सांगू लागल्या, की हे हाड नाही, प्लास्टर आहे, शाळेत शिकवायला असतं. एक म्हातारी पुढे आली. ती त्या आजारी बाळाची आजी. लांबूनच काठीनं दाखवत तिनं विचारलं, "ये छेदा काबर हे?" हे भोक कशाला पाडलंय?

त्यांच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं की भिंतीवर टांगायला आहे, खिळ्यासाठी. कोणीही तसंच सांगितलं असतं. पण ताईंना इतक्या वर्षांत कोणी प्रश्न विचारला आणि त्यांनी चुकीचं उत्तर दिलं, असं झालेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वो तीसरी आँख का है."

मी डोळे मिटले. बायांमधून एक आवाज उठला, दम घेतल्यासारखा. कात्रीवाला दोन पावलं मागे सरकला, आणि दोन माणसं उठून उभी राहिली. आपण इथून परत जात नाही, असं मला अगदी सरळ, स्वच्छ वाटलं. सुमनला काय सांगतील, हा विचार आला.

ताईंनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. त्या पुढे झाल्या, राखेचं रिंगण ओलांडलं आणि सुपातून कवटी उचलली. शेजारच्या दगडी जात्यावर तिचा पुढचा भाग आपटला. चोचीसारखे दात तुटले, आतला पांढरा भाग दिसला. समोरच्या घराचं दार डांबराच्या पिंपाचं होतं. आमच्याकडे रिकामी पिंपं चिरून, ठोकून त्यांचे पत्रे करतात. काळंकुळकुळीत, अगदी फळ्यासारखं. ताई त्या दाराशी गेल्या. कवटी दोन्ही हातांत धरली आणि सवयीनं विचारलं, "बच्चे का नाम क्या है?"

म्हातारी किंचाळली, "नइ! ओकर नाव झन लिख!" त्याचं नाव लिहू नको.

ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "ठीक है. मेरा नाम लिखती हूँ. कुछ होगा तो मुझे होगा." आणि त्या कवटीच्या तुटलेल्या तोंडानं त्यांनी त्या काळ्या दारावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. हाड लिहीत नाही, खडू लिहितो. मोठी, गोल, ठळक अक्षरं, मधलं वडिलांचं नाव धरून. वरची रेघसुद्धा ओढली. भुकटी त्यांच्या काळ्या चपलांवर पडत होती. लिहून झाल्यावर वळल्या आणि भुकटीचा हात सगळ्यांना दाखवला. "देखो. खड़िया है."

दोनतीन माणसांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. त्यातला एक तर हसला, हे मी पाहिलं. पण बइगा हसला नाही. तो त्या दाराकडे पाहून म्हणाला, "नाव लिख डारे हस, त देखबो. हाड़ होही त नाव ला खाही." नाव लिहिलंयस, तर बघू. हाड असेल तर ते नावाला खाईल.

"देखबो," ताई म्हणाल्या. "मैं सुखबती को ले जाती हूँ."

कोणी अडवलं नाही. तिघं एका स्कूटरवर आलो, सुखबती मध्ये आणि कवटी ताईंच्या मांडीवर. बाळाला दवाखान्यात न्या, असं ताई निघताना सांगत होत्या. त्या संध्याकाळी कोणी ऐकलं नाही, पण पुढे बापानं नेलं, मलेरिया निघाला, बाळ बरं झालं. श्रेय बइगाला मिळालं. मिळू दे.

घरी आल्यावर ताईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. मग मोरीशीच बसल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, मले भेव वाटून राहिलं."

"आता कशाचं? सुटली ना ती."

"माझं नाव लिहिलं मी तिथं."

मी म्हटलं, ताई, तुम्ही सायन्सच्या बाई. त्या चिडल्या. "मले शिकवू नका. प्लास्टरनं माणूस मरत नाही हे मले माईत आहे. पण आता मी कशानंही बिमार पडली, तर ते हाड होतं असं ठरंन. अन्‌ हाड ठरलं, की ते सुखबतीच्या घरात निघालं होतं. समजलं का तुमाले? आता मले मरताच येणार नाही."

मला समजलं, पण पटलं नाही. चार महिन्यांत लोक विसरतील, असा माझा अंदाज होता. सुखबती काही आठवड्यांनी आपल्या घरी परत गेली. घर माझं आहे, मी का सोडू, असं तिचं म्हणणं. सगळं सुरळीत दिसत होतं. दोनेक वर्षांनी ताईंना कावीळ झाली आणि आम्ही त्यांना रीतसर दवाखान्यात भरती केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुखबती भेटायला आली ती कपाळाला पट्टी बांधून. म्हणाली, पडले. ताईंनी राऊताला बोलावून विचारलं. घरावर दगड आले होते, छपराचे खपरे फुटले होते, एक कपाळाला लागला. "बहिनजी ला नाव खात हे," असं वस्तीत चाललं होतं. ताईंनी त्याच दिवशी दवाखान्यातून सुट्टी मागून घेतली. डॉक्टर रागावले. आम्हीही रागावलो. त्या पिवळ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, पावडर लावून, सायकल हातात धरून वस्तीपर्यंत चालत गेल्या, त्या दारासमोरून फिरल्या, लोकांना नमस्कार केला, आणि आल्या त्या सुमनच्या अंगावर कोसळल्या.

तेव्हापासून कुलपाची सुरुवात झाली. ताईंना ताप आला, खोकला झाला, साधी पाठ धरली, तरी सुमन जाऊन त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची. ताई आत. विचारणाऱ्याला सांगायचं, नागपूरला गेल्यात. दुपारी सुमन मागच्या खिडकीतून पेज आणि गोळ्या द्यायची. मला हे सहन व्हायचं नाही. आजारी माणसाला बाहेरून कुलूप... रात्री काही झालं तर? एकदा मी बोललो. खिडकीच्या गजांतून ताई म्हणाल्या, "हा शंभर वर्षं जगतो जवाईबापू, मी पण जगते. जगाच लागंन." आत टेबलावर ती कवटी होती, तोंड झिजलेली. त्यांनी ती शाळेत नेणं थांबवलं नव्हतं. मुलं विचारत, बहनजी, इसके दाँत कहाँ गए? त्या सांगत की याचे दात पडले तर पुन्हा येत नाहीत, नुसते झिजत जातात, आता हा खरा म्हातारा दिसतो.

निवृत्तीनंतर त्यांचं क्वार्टर गेलं आणि त्या आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. अंगणात उघडणारं वेगळं दार, त्याला तेच कुलूप. सुखबतीही आता म्हातारी, काम करत नव्हती, पण दर शुक्रवारी यायची. दोघी पायरीवर बसून भाजी निवडायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. गेल्या वर्षी ताईंच्या पोटात गाठ निघाली. त्यांनी एकच सांगितलं, "मले नागपूरले न्या. इथं नाही." इथला दवाखाना चांगला, ओळखीचा, पण त्यांनी ऐकलं नाही. पहाटेच्या गाडीनं गेल्या, स्टेशनपर्यंत ताठ चालत. शेवटच्या भेटीत मी विचारलं की काही हवं का. म्हणाल्या, "सांगू नका कोणाले. ती आहे तोवर."

आम्ही नागपूरला जाऊन सगळं करून परत आलो आणि मागच्या दाराचं कुलूप तसंच ठेवलं. शाळेतल्या जुन्या दोघी शिक्षिकांना कारणासकट सांगितलं, त्या गप्प राहिल्या आहेत. भीती होती ती शुक्रवारची. सुखबती आली. सुमननं तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ताई अभी नागपूर में ही है." एरवी सुखबती लगेच विचारायची, कधी येणार? या वेळी तिनं विचारलं नाही. ती कुलपाकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात बोलली, तिच्या भाषेत, आणि मला ते सगळं समजलं. की पूर्वी बहिनजी या कुलपाच्या आत खोकायची, तेव्हा मी बाहेर नळावर मुद्दाम भांडी आपटत बसायची, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून... इतकी वर्षं आम्ही तिच्यापासून लपवतो आहोत असं आम्हाला वाटत होतं. सुमनला हुंदका आला. सुखबतीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "इहां नइ रोवन, दीदी," म्हणाली. इथे रडायचं नाही. "चाबी देव. झाड़ू लगा देथंव."

ती आत गेली, झाडलं, पुसलं. टेबलावरची कवटी पदरानं पुसून पुन्हा तिथेच ठेवली. बाहेर येऊन पायरी झाडत होती, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून तिच्या वस्तीतल्या त्या भांडीवाल्या बाईनं कुंपणावरून हाक मारली. बहिनजी कशी आहे?

सुखबतीनं मान वर केली नाही, झाडूही थांबवला नाही. मोठ्यानं, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "बने हे! नागपुर म हे. खा-खा के मोटा गे हे!" मजेत आहे, खाऊन खाऊन जाड झालीये.

ती बाई हसली. सुखबतीही हसली. मग तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली सुमनच्या हातात दिली.

ती दर शुक्रवारी येते. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. मग हे क्वार्टरही जाईल. तोपर्यंत ताई नागपूरला आहेत. त्यापुढचा हिशेब मला अजून लागलेला नाही.